दोन किल्ल्या, एक पॅनकार्ड

पनवेलमधलं पहिलं घर ठेवून दुसरं घ्यायचंय? मग सॅम्पल फ्लॅटचं किचन बघण्याआधी जरा टॅक्सचा हिशेब बघा!

पनवेलमध्ये सध्या दोन प्रकारची माणसं भेटतात. एक, ज्यांनी दुसरं घर घेतलंय. दोन, जे रविवारी साइट व्हिजिटला चाललेत. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला, २५ डिसेंबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळावरून विमानं उडायला लागली आणि पनवेलच्या प्रत्येक बिल्डरच्या ब्रोशरवर एक पूल आणि एक विमान आलंच. पूर्वी पनवेल म्हणजे गोव्याला जाताना पळस्प्याला वडा खायला थांबायचं गाव. आता पनवेल म्हणजे ‘इन्व्हेस्टमेंट’!

आमच्या घरातही हे वारं शिरलंय. दादा-वहिनींचा नवीन पनवेलमध्ये वन-बीएचके आहे. २०१४ मध्ये २८ लाखांना घेतलेला, लोन फिटलेलं. आता मुलगी शाळेत जाते, आई-बाबा वर्षातले सहा महिने इथे असतात आणि हॉलमध्ये रात्री गाद्या घातल्या की पाण्याची बाटली आणायलाही उड्या मारत जावं लागतं. त्यामुळे टू-बीएचके हवाच. पण जुना विकायला दादाचं मन होत नाही. ‘अगं, ते आपलं पहिलं घर आहे. शिवाय दुसऱ्या घरावर टॅक्सही वाचतो,’ असं तो मला ठासून सांगतो.

पहिल्या वाक्यावर वाद घालायची माझी हिंमत नाही. दुसऱ्या वाक्याचा छडा लावायला मात्र मी वही-पेन घेऊन खांदा कॉलनीतल्या एका सीए काकांकडे जाऊन बसले. तिथे कळलं ते थोडक्यात असं : दुसऱ्या घराने टॅक्स वाचतो हा फंडा बराचसा जुना झालाय. आज खरा प्रश्न आहे तो दोन घरांपैकी तुम्ही राहणार कुठल्या घरात आणि पहिलं विकणार असाल तर कधी?

रिकामं घर आता गुन्हा नाही

आधी चांगली बातमी. काही वर्षांपूर्वीपर्यंत दोन घरं असली की त्यातलं एकच ‘स्वतः राहतो’ म्हणून दाखवता यायचं. दुसरं कुलूप लावून ठेवलं तरी आयकर खातं म्हणायचं, भाडं आलं असतं तर किती आलं असतं? तेवढं तुमचं उत्पन्न धरा! म्हणजे भाडेकरू नाही, भाडं नाही, टॅक्स मात्र आहे.

फेब्रुवारी २०१९ च्या अंतरिम बजेटने हे बदललं. २०१९-२० या आर्थिक वर्षापासून दोन घरं ‘स्वतःची राहती’ म्हणून दाखवता येतात आणि दोन्हींचं उत्पन्न शून्य धरलं जातं. २०२५ च्या बजेटने आणखी एक गाठ सोडवली. दुसऱ्या घरात राहत का नाही, याचं कारण देण्याची गरज उरली नाही. नोकरी दुसऱ्या गावात असो, की नुसताच कंटाळा, खात्याला देणंघेणं नाही.

पण ही सवलत दोनच घरांपुरती. तिसऱ्या घरावर काल्पनिक भाडं आजही लागतं. तुम्ही म्हणाल, तिसरं कुणाकडे आहे? जरा आठवा. रोह्याला किंवा साताऱ्याला आजोबांचं घर आहे, वारसा नोंद झाली आणि घरपट्टीच्या उताऱ्यावर तुमचंही नाव चढलं, तर मोजणीत तेही येऊ शकतं. गावच्या घराचं संभाव्य भाडं किरकोळ असेल, पण कुठली दोन घरं ‘राहती’ दाखवायची हे ठरवताना ते विसरू नका.

दोन लाखांची जादू संपली?

ऑफिसच्या कँटीनमध्ये ऐकलेली टिप सहसा अशी असते : ‘होमलोन घे, दोन लाख व्याजाची सूट, दीड लाख मुद्दलाची. सरकारच ईएमआय भरतं!’ ही टिप जुन्या करप्रणालीची आहे. तिथे स्वतः राहत्या घराच्या कर्जावरच्या व्याजाला वर्षाला कमाल २ लाखांची वजावट मिळते. आणि हे दोन लाख प्रत्येक घराला वेगवेगळे नाहीत, दोन्ही राहत्या घरांना मिळून आहेत. पहिल्या घराच्या लोनवर तुम्ही आधीच दोन लाख घेत असाल तर दुसऱ्या घराच्या वाट्याला भोपळा.

नवी करप्रणाली २०२३-२४ पासून आपोआप लागू होते, म्हणजे जुनी हवी असेल तर ती तुम्हाला निवडावी लागते. नव्या प्रणालीत राहत्या घराच्या व्याजाला एक रुपयाचीही सूट नाही. मुद्दलालाही नाही.

‘मग मी जुनीच घेईन!’ दादा म्हणाला. सीए काकांनी कॅल्क्युलेटर पुढे सरकवला. तुम्हीही करून बघा. दादाचा पगार वर्षाला १८ लाख धरला. २०२५-२६ चे स्लॅब लावले.

नव्या प्रणालीत ७५ हजारांची स्टँडर्ड डिडक्शन जाऊन १७ लाख २५ हजार उरतात. त्यावर सेससकट टॅक्स १ लाख ५० हजार ८०० रुपये.

जुन्या प्रणालीत ५० हजारांची स्टँडर्ड डिडक्शन, दीड लाखाची ८०-सी, दोन लाख व्याज आणि २५ हजार मेडिक्लेम, सगळं वजा केलं. उरले १३ लाख ७५ हजार. त्यावर टॅक्स २ लाख ३४ हजार!

म्हणजे होमलोनच्या सगळ्या सवलती ओरबाडून घेऊनही जुनी प्रणाली दादाला ८३ हजार २०० रुपयांनी महाग. दादा बराच वेळ त्या आकड्याकडे बघत होता.

तुमचा पगार, घरभाडे भत्ता, बाकीच्या वजावटी वेगळ्या असतील तर उत्तरही वेगळं येईल. त्यामुळे दोन्ही बाजूंनी हिशेब कराच. नोकरदारांना दरवर्षी प्रणाली बदलता येते. माझ्यासारख्या फ्रीलान्सर मंडळींना मात्र ती मुभा नाही. एकदा जुन्यात जाऊन परत नव्यात आलात की व्यवसायाचं उत्पन्न आहे तोवर जुनीचं दार बंद.

राहायचं कुठे, भाड्याने द्यायचं कुठलं?

आता खरी गंमत. नव्या प्रणालीत राहत्या घराचं व्याज वाया जातं, पण भाड्याने दिलेल्या घराचं नाही! तिथे मिळालेल्या भाड्यातून आधी तुम्ही भरलेला मालमत्ता कर वजा होतो. उरलेल्या रकमेच्या ३० टक्के सरसकट देखभालीसाठी वजा, पावत्या लागत नाहीत. आणि त्यानंतर त्या घराच्या लोनचं व्याज. फक्त त्यातून तोटा आला तर तो पगारातून वजा करता येत नाही. जुन्या प्रणालीत तो वर्षाला २ लाखांपर्यंत पगारातून वजा होतो आणि उरलेला पुढची ८ वर्षं घरभाड्याच्याच उत्पन्नातून वळता करता येतो.

दादाचे आकडे घेऊ. नवा टू-बीएचके ७० लाखांचा, लोन ५० लाख, साडेआठ टक्के, २० वर्षं. पहिल्या वर्षीचं व्याज साधारण ४ लाख २१ हजार. जुन्या वन-बीएचकेचं भाडं १२ हजार, नव्याचं २२ हजार धरलं.

पर्याय पहिला : नव्या घरात राहायचं, जुनं भाड्याने द्यायचं. वर्षाचं भाडं १ लाख ४४ हजार. मालमत्ता कर ६ हजार गेला, ३० टक्के गेले, उरले ९६ हजार ६००. जुन्या घरावर लोन नाही, म्हणून वजा करायला व्याजही नाही. हे ९६ हजार ६०० दादाच्या पगारात मिसळणार. २० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये सेससकट टॅक्स साधारण २० हजार १००.

पर्याय दुसरा : जुन्यातच राहायचं, नवं भाड्याने द्यायचं. भाडं २ लाख ६४ हजार. ९ हजार मालमत्ता कर आणि ३० टक्के गेल्यावर उरतात १ लाख ७८ हजार ५००. समोर व्याज ४ लाख २१ हजार. सगळं भाडं करमुक्त! टॅक्स शून्य.

म्हणजे निव्वळ टॅक्सच्या भाषेत बोलायचं तर लोनवालं घर भाड्याने द्या आणि बिनलोनच्या घरात राहा.

हे ऐकून वहिनी म्हणाल्या, ‘वा! म्हणजे सत्तर लाखांचं घर घ्यायचं, त्यात भाडेकरूने राहायचं आणि आपण पुन्हा हॉलमध्ये गाद्या घालायच्या?’

मुद्दा सॉलिड आहे. आणि त्याचं उत्तरही त्याच कागदावर आहे. भाड्यातला फरक बाजूला ठेवला तर नव्या घरात राहण्याची टॅक्सच्या रूपातली किंमत वर्षाला २० हजार, म्हणजे महिन्याला सतराशेच्या आत. एवढ्यासाठी आई-बाबांची खोली सोडायची का, हे सीए सांगू शकत नाही. पण आकडा समोर असला की निर्णय ‘टॅक्स वाचतो’ या अफवेवर होत नाही.

जुनं घर रिकामंच ठेवलं तर टॅक्स शून्य, पण भाडंही शून्य. भाड्याने देणार असाल तर लिव्ह अँड लायसन्स करार रजिस्टर करणं महाराष्ट्रात सक्तीचं आहे. सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावेल, पण राज्य सरकारच्या २००१ च्या आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. हे शुल्क आणि मेंटेनन्स भाड्यातून वेगळं वजा होत नाही. त्या ३० टक्क्यांतच सगळं आलं.

पनवेलची खास फोडणी : मालमत्ता कर

बाहेरून येणाऱ्यांना हा किस्सा माहीत नसतो. पनवेल महानगरपालिका १ ऑक्टोबर २०१६ ला झाली. रायगड जिल्ह्यातली ही पहिली महापालिका. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल या सिडकोच्या वसाहती तिच्यात आल्या. नंतर २०२१ मध्ये या वसाहतींतल्या लोकांच्या हातात मालमत्ता कराची बिलं पडली, तीही थेट १ ऑक्टोबर २०१६ पासूनची! रहिवाशांचं म्हणणं, आम्ही या काळात सिडकोला सेवाशुल्क भरत होतो, मग त्याच काळाचा कर दुसऱ्यांदा का? मोर्चे निघाले, प्रकरण कोर्टात गेलं. अनेकांनी बिलं भरली नाहीत आणि थकबाकीवर दंड चढत गेला.

तुमच्या हिशेबात हे दोन ठिकाणी येतं. एक, रिसेलचा फ्लॅट घेताना महापालिकेचं ताजं बिल आणि थकबाकी नसल्याचा पुरावा मागाच. मालमत्ता कराचा बोजा मालमत्तेवर असतो, माणूस बदलला म्हणून तो पुसला जात नाही. दोन, भाड्याने दिलेल्या घराचा मालमत्ता कर तुम्ही ज्या वर्षी प्रत्यक्ष भरता त्या वर्षी वजा होतो, मग तो मागच्या वर्षांचा का असेना. जुनी थकबाकी भरणारच असाल आणि घर भाड्याने जाणार असेल, तर ज्या वर्षी भाडं येतंय त्या वर्षी भरलेली बरी. राहत्या घरावर भरलेल्या कराची मात्र आयकरात काहीच सूट नाही.

नाव कुणाचं?

फ्लॅट फक्त बाईच्या नावावर घेतला तर महाराष्ट्रात २०२१ पासून मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. ७० लाखांवर सरळ ७० हजार! वहिनी खूश. पण थांबा. ही सवलत सगळे खरेदीदार स्त्रिया असतील तरच. नवऱ्याचं नाव जोडलं की गेली.

आणि नाव वहिनींचं, पैसे दादाचे असं केलं तर? दादा ईएमआय भरत असला तरी मालक नसल्यामुळे व्याजाची वजावट त्याला मिळणार नाही. आणि त्या घराचं भाडं वहिनींच्या खात्यात आलं तरी टॅक्ससाठी दादाच्याच उत्पन्नात मिसळलं जाईल. वहिनी नोकरी करतात, त्यांनी आपल्या कमाईतून आणि आपल्या लोनवर घर घेतलं तर हा प्रश्नच येत नाही. दोघं मिळून घेणार असाल तर हिस्सा किती टक्के हे करारातच लिहा. भाडं, व्याज आणि पुढे विक्रीचा नफा त्याच प्रमाणात वाटला जातो.

एक वर्षाचं घड्याळ

आता सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात कमी बोललं जाणारं. ‘जुनं घर बघू नंतर विकायचं का ते’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं.

राहतं घर विकून आलेला दीर्घकालीन नफा दुसऱ्या घरात घातला तर त्यावर टॅक्स लागत नाही, हे बहुतेकांना माहीत असतं. पण त्याला तारखा आहेत. नवं घर जुनं विकल्यापासून दोन वर्षांत घ्यायचं, किंवा विकण्याआधीच्या एका वर्षात घेतलेलं असायला हवं. म्हणजे नवं घर आधी घेतलंत की घड्याळ सुरू! एका वर्षात जुनं विकलं तर नफा करमुक्त. एक वर्ष उलटलं की या नव्या घराच्या नावाने सवलत मिळत नाही. आणि सवलत घेतली तर नवं घर तीन वर्षं विकायचं नाही, नाहीतर दिलेली सवलत परत जाते.

दादाचा हिशेब : २८ लाखांचं घर आज ४८ लाखांना गेलं असं धरू. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घरांना दोन पर्याय आहेत. महागाईची भर न घालता १२.५ टक्के, किंवा महागाईची भर घालून २० टक्के, ज्यात टॅक्स कमी तो. पहिल्यात २० लाखांवर सेससकट २ लाख ६० हजार. दुसऱ्यात २०१४-१५ चा २४० आणि २०२५-२६ चा ३७६ हा निर्देशांक लावून खरेदी किंमत ४३ लाख ८७ हजार होते, नफा उरतो ४ लाख १३ हजार आणि टॅक्स साधारण ८६ हजार. तेव्हा दादाने एका वर्षाच्या आत विकलं तर ८६ हजार वाचतात. नंतर विकलं तर जातात. ‘बघू नंतर’ या दोन शब्दांची किंमत ८६ हजार!

हे ताबा मिळणाऱ्या तयार घराचं झालं. बांधकाम चालू असलेल्या घरात बुकिंग, करार आणि ताबा यातली कुठली तारीख धरायची हा वेगळा विषय आहे. तिथे करारावर सही करण्याआधी सीएला गाठा.

आणखी एक दार दुसऱ्या घरामुळे बंद होतं. शेअर्स किंवा सोनं विकून त्या पैशातून घर घेतलं तर तिथेही करसवलत आहे. पण विक्रीच्या दिवशी नव्या घराव्यतिरिक्त तुमच्याकडे एकापेक्षा जास्त घर असेल तर ती मिळत नाही. एक घर असताना दुसरं घेताना चालतं. दोन असताना तिसरं घेताना नाही.

सही करण्याआधी

* बांधकाम चालू असेल तर जीएसटी ५ टक्के, म्हणजे ७० लाखांवर साडेतीन लाख. ओसी मिळाल्यावर सगळी रक्कम दिली तर शून्य. किंमत ४५ लाखांच्या आत आणि चटईक्षेत्र ६० चौरस मीटरपर्यंत असेल तर १ टक्का. पनवेल मुंबई महानगर प्रदेशात येतं, म्हणून ६०. बाकी गावांची ९० ची मर्यादा इथे चालत नाही.
* किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर विकणाऱ्याला पैसे देताना १ टक्का टीडीएस कापून सरकारकडे भरणं ही तुमची जबाबदारी. पार्किंग, क्लब मेंबरशिप हे पैसेही त्यात धरायचे.
* जुन्या प्रणालीत ८०-सी खाली मुद्दलाची वजावट घेतली असेल तर ताब्यानंतर पाच वर्षं त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत घर विकू नका. विकलंत तर घेतलेली वजावट उत्पन्नात परत मिसळते.
* १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाला आहे. २४-बी, ८०-सी, ५४ हे तोंडपाठ आकडे १९६१ च्या कायद्यातले. नव्यात कलमांचे नंबर बदललेत, वर सांगितलेले नियम तेच आहेत.

दादा-वहिनींचं काय ठरलं? टू-बीएचके घेणार, राहणारही तिथेच. प्रणाली नवी. बांधकाम चालू असलेली दोन प्रोजेक्ट्स त्यांनी यादीतून काढली, कारण साडेतीन लाखांचा जीएसटी त्यांना विमानापेक्षा जास्त दिसायला लागला. वन-बीएचके ठेवायचा की विकायचा यावर मात्र अजून एकमत नाही. वहिनींना ती रक्कम लोनमध्ये घालायची आहे, दादाला घर ठेवायचंय. फरक एवढाच, की आता फ्रिजवर कागद लावलाय. त्यावर नव्या घराच्या करारानंतर बरोबर एक वर्षाने येणारी तारीख लिहायची आहे. तोपर्यंत भांडायला त्यांना परवानगी आहे.

तुमच्याही फ्रिजवर तशी एक जागा मोकळी ठेवा.